समुपदेशनाची फी म्हणजे लूट नव्हे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. सारांश असा: मानसिक आरोग्याच्या संस्था सेवेच्या नावाखाली धंदा करतात. सेशनचे पैसे घेतात, देणग्या पगारात उडवतात, वर बँकेत ठेवी करतात. गरज इतकी आहे म्हणतात, मग शाखा का काढत नाहीत? आणि आता सरकारी हेल्पलाइन आणि विमा असताना यांना देणगी द्यायचीच कशाला?

अशा संस्थांना जमाखर्चाची घडी बसवून देणं हे माझं काम आहे. हा मेसेज वाचून काही नेहमीच्या देणगीदारांनी हात आखडता घेतला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी फी. एका समुपदेशकाला दिवसाला पाचच सेशन नीट झेपतात. महिन्याचे 22 दिवस धरले तर 110. त्यातून ऐनवेळी रद्द झालेल्या वेळा, केसच्या नोंदी आणि सुपरव्हिजन (अनुभवी तज्ज्ञासोबत केसची चर्चा) वजा करा, हातात साधारण 80 उरतात. समजा पगार 36,000 रुपये आणि जागेचं भाडं, रिसेप्शन, वीज, सुपरव्हिजन यांचा वाटा 24,000. म्हणजे एक सेशन 750 रुपयांना पडलं. आता 30 सेशन 1,200 रुपयांनी, 30 सेशन 600 रुपयांनी आणि 20 पूर्ण मोफत दिली, तर 54,000 जमतात. देणगीतून फक्त 6,000 भागवायचे. सगळंच फुकट ठेवलं तर दर महिन्याला 60,000 साठी कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच. औंधमधला इंजिनिअर पूर्ण फी भरतो, म्हणून जनता वसाहतीतल्या बाईंकडून एक रुपयाही घ्यावा लागत नाही.

यात नवीन काही नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. पैसे भरणाऱ्याच्या बिलातून गरिबाचा उपचार हे रुग्णालयात न्याय्य असेल, तर समुपदेशन केंद्रात ती लूट कशी होते?

शिवाय फुकट म्हणजे परवडणारं, असंही नसतं. शहराच्या टोकाच्या मांजरीहून मध्यवस्तीतल्या डेक्कनला यायचं तर बसभाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. तिसऱ्या सेशनला माणूस येत नाही, त्यामागे अनेकदा हेच असतं. आठवड्यातून एक दिवस वस्तीतच खोली घेऊन बसणं हा त्यावरचा उपाय. त्या खोलीचं भाडंही कुणाच्या तरी फीतूनच निघतं.

देणगी पगारात जाते, हे खरं आहे आणि ती तिथेच जायला हवी. या कामात दुसरं साधन नाही. समोर बसून ऐकणारा शिकलेला माणूस हाच उपचार. सहा महिने ज्याच्याजवळ मन मोकळं केलं, तो पगार पुरत नाही म्हणून सोडून गेला, की पेशंट नव्या माणसापुढे सगळं पहिल्यापासून सांगायला तयार होत नाही. तो येणंच बंद करतो. संस्थेच्या वाढीला सगळ्यात मोठी खीळ इथे बसते.

काही कंपन्या यावर 5 टक्क्यांच्या मर्यादेकडे बोट दाखवतात. 2021 च्या सुधारित सीएसआर नियमांतली, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाच्या नियमांतली, ती मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर कारभार चालवण्यासाठी केलेल्या प्रशासकीय खर्चावर आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यात धरलेलाच नाही, आणि समुपदेशकाचा पगार हाच तर प्रकल्प आहे.

ठेवींबद्दल थोडक्यात. प्राप्तिकर कायदा धर्मादाय संस्थेला उत्पन्नाचे 85 टक्के उद्दिष्टावर खर्च करायला सांगतो आणि 15 टक्के बाजूला ठेवू देतो. ठरावीक कामासाठी, कारण नोंदवून, पाच वर्षांपर्यंत जास्तही. देणगीचा मार्चचा हप्ता जुलैत आला तर मधले पगार याच पैशांतून होतात.

राहिली हेल्पलाइन आणि विमा. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी फोन सेवा, क्रमांक 14416, खरोखर मोलाची आहे. तो नंबर जरूर पुढे पाठवा. पण दर आठवड्याला त्याच माणसासमोर बसून महिनोन्‌महिने चालणारं काम फोनवर भागत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात शारीरिक आणि मानसिक आजारांना समान ठरवलं, तरी बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झालेल्यांपुरत्याच असतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांमध्ये 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचत नसल्याचं दिसलं. ही दरी हेल्पलाइन एकटी भरून काढणार नाही.

आणि शाखा? वाढायचं म्हणजे शाखाच काढायची, असं नाही. लॉ कॉलेज रोडवरच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने ‘आत्मीयता’ हा उपक्रम आधी नाशिक जिल्ह्यात आणि मग गुजरातेत मेहसाण्यात उभा केला. गावातलेच स्वयंसेवक शिकून लोकांचं ऐकतात आणि गंभीर त्रास असेल तर डॉक्टरकडे पोहोचवतात. मात्र ते अडले की त्यांच्यामागे उभं राहणारं कुणीतरी पगारी माणूस लागतं, आणि तो पगार एका वर्षाच्या प्रकल्पातून पुढे चालत नाही.

म्हणून यंदा देणगी देण्याआधी संस्थेला जरूर विचारा: एका सेशनचा खर्च किती, मोफत सेशन किती, त्यांचे पैसे कुठून येतात. उत्तर पटलं, तर रक्कम थोडी असली तरी तीन वर्षं द्या, आणि ती पगारावर खर्च करायची मुभा पत्रात लिहून द्या.