आरशापुढे उभं राहून माग चालत नाही

आमच्या कारखानदारांच्या ग्रुपवर एक संदेश गेले दोन महिने फिरतोय. 'धंदा म्हणजे नव्वद टक्के आत्मविश्वास. रोज सकाळी आरशापुढे छाती काढून उभे राहा. कामगारांसमोर "मला माहीत नाही" कधीच म्हणू नका. मोठी माणसं एकटीच लढतात.' मला तो चौघांनी पाठवला. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचे सोळा माग चालवतो, म्हणून चार शब्द.

नव्वद टक्के कुणी मोजले, कशाने मोजले? सोडा.

छाती काढून उभं राहायची टूम २०१० च्या एका अमेरिकी प्रयोगातून पसरली. तसं उभं राहिलं की अंगातले हार्मोन्सही बदलतात, असा त्यातला दावा. माणसं होती ४२. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा करून पाहिला. त्यांना आपण ताकदवान झाल्यासारखं वाटलं, पण हार्मोन्स जिथल्या तिथे. पुढच्याच वर्षी मूळ प्रयोगातल्या डेना कार्नी यांनी 'माझाच यावर विश्वास उरला नाही' अशा अर्थाचं जाहीरपणे लिहिलं. त्याआधी कितीतरी, १९७७ साली, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी मांडलं होतं की, आपल्याला जमेल हा भरवसा सगळ्यात पक्का बसतो तो स्वतः काम तडीस नेल्यावर. कुणी पाठ थोपटली तरी तो वाढतो, पण तेवढा टिकत नाही.

'माहीत नाही' म्हणायचं नाही, हा सल्ला मात्र मला महागात पडलाय. गडद मरून टॉवेल, पांढरी किनार. गिऱ्हाइकाने विचारलं, रंग जाणार नाही ना? मी छातीठोकपणे म्हटलं, गॅरंटी! आमचे रंगारी अण्णा तिथंच उभे होते. हळूच म्हणाले, "मालक, आधी एक धुऊन बघू की." चारचौघांत त्यांचं ऐकलं तर आपली किंमत जाईल, असं वाटलं मला. महिन्याभरात सगळा लॉट परत आला. पांढरी किनार गुलाबी झालेली, अगदी एकसारखी. मुद्दाम केली असती तरी इतकी जमली नसती. शेवटी सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत मिळेल त्या भावाने फुंकला.

आणि 'एकटे लढतात' म्हणे. उद्योगपती वालचंद हिराचंद आपल्याच सोलापुरात जन्मले, १८८२ साली. रेल्वेची कंत्राटं घेतली ती लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत. १९१९ ची सिंधिया जहाज कंपनीही नरोत्तम मोरारजींसारख्यांना सोबत घेऊन उभी केली. आपल्याकडे पुतळा एकाचा बसतो, हिशोबाच्या वहीत मात्र नावं बरीच असतात.

एक कबूल करतो. पेमेंट अडकलंय, शनिवारी पगार वाटायचाय, अशा वेळी मालकाचा चेहरा पडून चालत नाही. तेवढ्यापुरता तो संदेश खरा.

आता ऑफिसात टेबलाखाली बादली असते. परवा नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, रंग पक्का का? म्हटलं, माहीत नाही. अण्णा धुऊन बघतील, उद्या चारला सांगतो. तो जरा वैतागला. ऑर्डर अजून आलेली नाही.