तुमच्या घरातल्या बाईचं काढाल का असं?

ऑक्टोबर 2024 मधे मुंबई हायकोर्टाने कस्टमवाल्यांना चांगलंच फटकारलं. चित्रकार एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची सात चित्रं कस्टमने अश्लील म्हणून अडकवून ठेवली होती, ती सोडा म्हणाले. चित्र नग्न आहे म्हणजे अश्लील आहेच असं नाही, हे 2024 साली कोर्टाला लिहून द्यावं लागलं. आणि त्यातली गंमत अशी की हाच पदमसी 1954 साली जहांगीरमधल्या चित्रांवरून कोर्टात उभा राहिला होता आणि निर्दोष सुटला होता. सत्तर वर्षं झाली, पदमसी गेलेसुद्धा, खटला तोच. ही चित्रं ब्रिटनमधल्या लिलावांत राजरोस विकली गेलेली, मुंबईत उतरली आणि एकदम आरोपी झाली.

मी इथे लंडनला बसून बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. चुलतभावाने टाळ्या वाजवणारी इमोजी टाकली, त्यावर काकांचा मेसेज आला की कला वगैरे सगळं ठीक आहे रे, पण तुमच्या घरातल्या बाईचं काढाल का असं?

आपल्याकडे हा वाद कुठूनही सुरू होऊ दे, हुसेन असो, सिनेमा असो, लावणी असो, शेवटी हे ब्रह्मास्त्र बाहेर येतंच आणि समोरचा गप्प होतो. भाऊपण झाला. पण मला त्यात वेगळंच दिसलं. ग्रुपवर निम्म्या बायका आहेत, काकूसुद्धा आहे, माझी वहिनी स्वतः चित्रकलेची शिक्षिका आहे, तरी प्रश्न विचारला गेला भावाला. म्हणजे बाईचं चित्र काढू द्यायचं का हे तिच्या घरच्या पुरुषाला विचारायचं, परवानगी त्याची, अब्रूही त्याचीच. कोणी वहिनीला विचारलं का की बाई गं, तुला बसायला आवडेल का, किंवा तू काढशील का, आणि कोणाचं काढशील?

आणि काकांच्या प्रश्नाला उत्तर आहे की. घरातल्या बाईचं काढलेलं चित्र आपल्याकडे जगप्रसिद्ध आहे. सावंतवाडीच्या हळदणकरांनी स्वतःच्या मुलीला साडी नेसवून, हातात समई देऊन उभं केलं आणि जलरंगात ते चित्र काढलं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, दिव्यावर आडवा हात धरलेला, बोटांच्या कडांतून लाल उजेड फुटलेला. कॅलेंडरवर, डब्यांवर, कुणाच्या ना कुणाच्या हॉलमधे ते आपण सगळ्यांनी बघितलंय. आता सांगा, मुलीचं नाव काय? गीताबाई उपळेकर. कोल्हापूरला असायच्या, शंभरी ओलांडून 2018 साली गेल्या. आपल्यातल्या अर्ध्या लोकांना तर चित्रकाराचंही नाव माहीत नसतं, सरळ रविवर्म्याच्या नावावर खपवतात. म्हणजे अंगभर साडी, हातात दिवा, चेहऱ्यावर सात्त्विक भाव, काकांच्या सगळ्या अटी पूर्ण, आणि तरी ती बाई कोण याची कोणालाच पडलेली नाही. कपड्यांनी एवढंच केलं की बघणाऱ्याला अपराधी वाटलं नाही.

हे म्हटलं की लगेच ऐकू येतं, तू काय, तिकडे बसून बोलायला तुझं काय जातंय. बरोबर आहे, काही जात नाही. पण तिकडे म्हणजे इथे सगळं आलबेल आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लंडनच्या न्यूइंग्टन ग्रीनला यावं.

मेरी वोलस्टोनक्राफ्ट, जिने 1792 मधे बायकांच्या हक्कांवर पुस्तक लिहिलं, तिचं स्मारक व्हावं म्हणून इथल्या बायकांनी दहाएक वर्षं खपून वर्गणी जमवली. नोव्हेंबर 2020 मधे पडदा सरकला तर काय, चंदेरी धातूचा एक मोठा लोळ आणि त्याच्या टोकावर छोटीशी नग्न बाई. लोक चक्रावले. शिल्पकारही बाईच, मॅगी हॅम्बलिंग. तिचं म्हणणं की हा मेरीचा पुतळा नाहीच, तिच्यासाठी केलेला आहे, ही कोणतीही बाई आहे, आणि कपडे घातले की ती एका काळात अडकली असती. म्हणणं मला समजतं, पण पटत नाही. या शहरात पायलीला पन्नास पुरुषांचे पुतळे आहेत, सेनापती, राजे, लेखक, व्यापारी, एकालाही काळात अडकायची भीती वाटलेली नाही, सगळे बूट कोट घालून आरामात उभे आहेत. चर्चिल कसा ओव्हरकोट घालून पार्लमेंटसमोर उभा आहे, त्याच्यासाठी म्हणून कुठला तरी निनावी नागडा पुरुष टोकावर ठेवायचं कोणाच्या मनात तरी येईल का?

मग काय झालं, तर काही जणींनी येऊन त्या पुतळ्याला कपडे घातले. हे वाचताना मला काकांची आठवण झाली, कारण हे तर त्यांचंच काम! फरक एवढाच की काकांना ती बाई उघडी दिसली याचा त्रास, आणि या बायकांना त्रास याचा की डोकं चालवणाऱ्या बाईचं स्मारक करायचं तरी शेवटी अंगच दाखवलं. कृती तीच. लांबून फोटो बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार, आणि माझी खरी अडचण इथे होते, कारण इथली कुठलीही अशी बातमी ग्रुपवर गेली की 'बघा, गोऱ्यांनाही शेवटी पटलं' असा तिचा अर्थ लागतो.

मँचेस्टरच्या वेळी हेच झालं. जानेवारी 2018 मधे तिथल्या आर्ट गॅलरीने वॉटरहाउस या चित्रकाराचं तळ्यातल्या अप्सरांचं चित्र भिंतीवरून उतरवलं, बायका एकतर जीवघेण्या मोहिनी नाहीतर शोभेच्या, असंच किती दिवस टांगून ठेवायचं यावर बोलू या म्हणून. लोक भडकले, आठवडाभरात चित्र परत लागलं. त्याच्या दोनच महिने आधी गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवातून रवी जाधवचा 'न्यूड' हा मराठी सिनेमा केंद्राच्या माहिती प्रसारण मंत्रालयाने काढून टाकला होता. इथे चित्रातल्या बाईकडे कसं बघतात हे विचारायला चित्र भिंतीवरून उतरवलं, तिकडे जे.जे. कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची गोष्ट सांगणारा सिनेमाच महोत्सवातून काढून टाकला. म्हणजे चित्रातली बाई पहिल्यांदा कुठे स्वतः बोलायला लागली होती, की मुलाला वाढवायचंय, पैसे लागतात, म्हणून बसते, तर तिलाच गप्प केलं. मॅंचेस्टरचा प्रकार मला जरा नाटकीच वाटला, पण निदान परत लावायचं ठरवून काढलं होतं.

इथल्या नॅशनल गॅलरीत वेलास्केथ या स्पॅनिश चित्रकाराची व्हीनस आहे, पाठमोरी पहुडलेली. 1914 मधे बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या मेरी रिचर्डसन नावाच्या बाईने तिच्यावर छोट्या कुऱ्हाडीने घाव घातले, कारण सांगितलं ते राजकीय, पण बऱ्याच वर्षांनी म्हणाली की पुरुष दिवसभर तिच्यासमोर आ वासून उभे राहायचे ते बघवत नव्हतं. आता घाव बुजवलेत, दिसत नाहीत. चित्रात समोर आरसा धरलाय आणि त्यात तिचा चेहरा आहे, पण धुरकट, कोणाचाही असू शकेल असा. पाठीचा एक एक वळसा इतक्या प्रेमाने रंगवलाय आणि चेहऱ्याला आला तेव्हा ब्रश पुसट. मला चित्र आवडतं, खोटं कशाला बोलू, त्याच्यासमोर मीही बराच वेळ उभी असते. पण या गॅलरीच्या तेवीसशेच्या वर चित्रांत बायकांनी काढलेली जेमतेम वीस-पंचवीस आहेत हेही तिथेच आठवतं. गोरिल्ला गर्ल्स या स्त्री कलाकारांच्या गटाने न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचा हिशोब 1989 मधे पोस्टरवर छापला होता, आधुनिक विभागात बायका चित्रकार पाच टक्क्यांपेक्षा कमी आणि नग्नचित्रांत बायका 85 टक्के. इथे नग्नता कायदेशीर आहे, ब्रश कोणाच्या हातात हा प्रश्न तसाच आहे.

आपल्याकडच्या सुधारकांनीही तो विचारला नाही म्हणा. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, मुखपृष्ठावर नग्न चित्र छापायचे, खटले अंगावर घेतले, बाबासाहेबांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. माणूस काळाच्या शंभर वर्षं पुढे. पण नग्न शरीर म्हणून छापायचं कोणाचं, तर बाईचंच. आणि बालगंधर्व तर काय, साडी कशी नेसायची, गजरा कसा माळायचा हे महाराष्ट्रातल्या बायका एका पुरुषाकडे बघून शिकल्या. पुरुषाच्या डोळ्यातली बाई पुरुषानेच करून दाखवली आणि बायकांनी ती घरी नेली, आजीच्या अल्बममधले फोटो बघा, तिरकी मान आणि तेच लाजणं.

एका बाबतीत मात्र लंडनने आपल्याकडून शिकावं. खास महिलांसाठी लावणीचे शो होतात ना, मी सुट्टीत आले असताना काकूबरोबर गेले होते. लावण्या पुरुष शाहिरांनी लिहिलेल्या, अदा पुरुषांना रिझवायला बसवलेल्या, आणि थिएटरमधे फेटेवाला एक नाही. सगळ्या काठापदराच्या साड्या, सासवा-सुना. पहिली शिट्टी मागच्या रांगेतून आली, मग काकूने तोंडात बोटं घालून अशी शिट्टी मारली की मी बघतच राहिले, ही कधी शिकली? नाचणारीने तिच्याकडे बघून डोळा मारला, काकू उठून उभी राहिली, पदर खोचून तिने तिथल्या तिथे ठेका धरला. तीच लावणी, तेच शब्द, फक्त खुर्चीतलं माणूस बदललं तर अर्थ किती बदलतो, यावर इथे जाडजूड पुस्तकं निघतात आणि तिकडे बायका तिकीट काढून ते करून मोकळ्या होतात.

घरी आल्यावर काकांनी विचारलं कसा झाला कार्यक्रम. काकू म्हणाली, चांगला होता, भक्तिगीतं होती.