गोरे की सावळे

रंगीत फोटो छापणं त्यातल्या त्यात सोपं. शालूचा लाल थोडा इकडचा तिकडे झाला, तरी शालू काही तक्रार करायला येत नाही. काळ्या-पांढऱ्याचं तसं नाही. करड्यात हिरवट झाक किंचित जरी आली तरी ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते, आणि आमच्या घरात दिसलेलं पोटात ठेवायची पद्धत नाही.

प्रकरण आजोबांच्या फोटोचं. इंदूरच्या राजवाड्यासमोर पगडी घालून उभे, मूळ प्रत तळहाताएवढी. ती मोठी करून रामबागेतल्या घराच्या बैठकीत लावायची असं ठरलं. स्टुडिओत द्यायची गरज नाही, घरी प्रिंटर आहे ना, हेही ठरलं. ठरवणाऱ्यांत मी नव्हतो.

पहिली प्रत हिरवी आली. "अहो, मानपूरच्या घाटात गाडी लागल्यासारखे दिसतायत," बायको म्हणाली.

घरगुती इंकजेटमध्ये करडी शाई सहसा नसतेच. निळी, किरमिजी आणि पिवळी मिळून करड्याचं सोंग आणतात, आणि एकीचा थेंब जड पडला की सोंग उघडं पडतं. त्यात फोटोशॉपही रंग सांभाळणार आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, तेही सांभाळणार म्हटलं की बारभाईचा कारभार. ड्रायव्हरला गप्प बसवलं, हिरवा बराच उतरला, पण गेला नाही. मग 'फक्त काळी शाई'वर खूण केली. झाक गेली, पण एकाच शाईने फिका करडा छापायचा म्हणजे थेंब लांब लांब टाकायचे, तेव्हा आजोबांच्या गालांवर ठिपके उठले. आत्याने चष्मा लावून पाहिलं. "बाबांना देवी कधीच आल्या नव्हत्या रे," ती म्हणाली.

जेल रोडवर शाई आणायला गेलो तर दुकानदाराने आधी काम विचारलं, मग मला नीट न्याहाळलं. "ब्लैक-एन-व्हाइट है, तो कलर की टेंशन क्यूँ ले रिये हो भिया?" याला उत्तर द्यायचं तर खुर्ची मागून घ्यावी लागली असती.

शेवटी रीतसर कॅलिब्रेशन, म्हणजे प्रिंटरचे रंग मापून जुळवणं. कागदाच्या पांढऱ्यापासून गडद काळ्यापर्यंत २१ चौकोनांची पट्टी छापायची, वाळू द्यायची, स्कॅन करायची आणि प्रत्येक चौकोनाचं माप मांडायचं. 'एल' म्हणजे उजळपणा, शून्य ते शंभर. 'ए' हिरवा की किरमिजी ते सांगतो, 'बी' निळा की पिवळा ते. 'ए' आणि 'बी' शून्यावर आले की करडा निर्मळ. पहिल्या पट्टीतले शेवटचे पाच-सहा चौकोन सरसकट काळे होते, म्हणजे आजोबांचा कोट, कोटाचा खिसा आणि खिशातली साखळी यांचं एकत्र कुटुंब झालेलं. मॅट कागदावर तर गडदातला गडद काळाही शून्याच्या जवळ जात नाही, पंधरा-सोळावर थबकतो. तेवढ्या जागेत सगळ्या सावल्यांची सोय लावायची, म्हणून फोटोशॉपमधली उजेड-सावलीची वक्ररेषा वाकवत बसायचं आणि पुन्हा पट्टी छापायची.

त्यातली एक पट्टी वाळत ठेवलेली गायब झाली. सापडली आईच्या पोथीत, खुणेला घातलेली. तशीच स्कॅनरवर ठेवली, तर चौदाव्या चौकोनात 'बी' एकदम पिवळ्याकडे धावला. शेजारचे तेरावा-पंधरावा मात्र सज्जन. भिंग लावून पाहिलं, तर हळदीचं बोट. नॉझल तपासले, हेड साफ केलं, पण आईचं बोट कॅलिब्रेट करायची सोय कुठल्याच प्रोफाइलमध्ये नाही.

मॉनिटरही दोषी निघाला. पडदा भगभगीत असला की प्रत काळोखी वाटते. उजेड दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेलावर आणावा लागतो. तो आणला, आणि मुलाच्या क्रिकेट मॅचमध्ये भरदुपारी तिन्हीसांजा झाल्या. घरातला एक माणूस आणखी विरोधात गेला.

आकडे जुळले तेव्हा प्रत बैठकीत नेली. रात्रीच्या दिव्याखाली झकास. सकाळी खिडकीच्या उजेडात तीच प्रत गुलाबी. शाईच्या मिश्रणाला उजेड बदलला की असा रंग बदलायची खोड असते. "फोटो रात्रीच बघायचा," काका म्हणाले. त्यांच्या मते प्रश्न मिटला होता.

पण खरा वाद गालांच्या करड्यावरून पेटला, आणि तो मापाने मिटणारा नव्हता.

"बाबा गोरे होते. उजळ कर."

"गोरे कसले? उन्हातान्हात हिंडणारा माणूस. सावळेच होते."

एलचे चार-पाच अंक वर-खाली आणि चाळीस वर्षांपूर्वीची भांडणं बाहेर. घर कोणाच्या नावावर होतं तेही निघालं.

मी विषय बदलायला लाला दीनदयाळांना मध्ये आणलं. १८६६ साली ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला आले, कॅमेरा नंतर हातात धरला, आणि हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांचे फोटो काढले. ते छापायचे अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर, आणि त्यांचा काळा-पांढरा प्रत्यक्षात तपकिरी असायचा. कुठल्या महाराजांच्या आत्याने हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

"अंडं?" आई पोथीतून म्हणाली.

तरी तपकिरीची कल्पना रुजली. उबदार छटेवर आजोबा गोरेही वाटतात आणि सावळेही, बघणाऱ्याच्या मनात असेल तसे. आत्या आणि काका दोघंही "बघ, मी म्हणत नव्हते?" "बघ, मी म्हणत नव्हतो?" म्हणत एकाच प्रतीसमोर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी काकांना वीजबिलाची एक प्रत हवी होती. निव्वळ काळी अक्षरं. प्रिंटरने कळवलं, किरमिजी शाई संपली आहे, ती घातल्याशिवाय काहीही छापता येणार नाही.