शपथ घालून जुगार सुटत नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा कितीतरी घरांनी सुटकेचा श्वास टाकला. मीही त्या कायद्याच्या बाजूची आहे. पण त्यानंतर आपल्याकडची चर्चा जणू मिटलीच, याचं मला फार वाईट वाटतं. ॲप बंद झालं म्हणजे खेळणारा बरा झाला, असं धरून आपण मोकळे झालो. ज्याला लागलेलं आहे तो मटक्याकडे वळतो, परदेशी साइट शोधतो, टेलिग्रामवर बुकी गाठतो. त्याच्यावर उपचार काय, हे कुणी विचारत नाही, कारण हा आजार आहे हेच आपल्या गळी उतरलेलं नाही. "हाव नडली", "आयतं मिळालंय म्हणून उडवतोय", "लग्न करून द्या, ताळ्यावर येईल" इथवरच आपलं निदान जातं.

ज्यांना हा निव्वळ स्वभावाचा दोष वाटतो त्यांना एक हकीकत सांगते. २००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सच्या ११ रुग्णांबद्दल लिहिलं. आयुष्य सरळमार्गी गेलेली ही माणसं अचानक बेभान जुगार खेळायला लागली होती. सगळ्यांना डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करणारी औषधं चालू होती, बहुतेकांना प्रामिपेक्सोल नावाची गोळी. ज्यांचा पुढे पाठपुरावा करता आला, त्यांची गोळी कमी किंवा बंद केल्यावर जुगार थांबला. एका गोळीने चढणारी आणि ती बंद केल्यावर उतरणारी गोष्ट चारित्र्याची कशी म्हणायची? (घरात कुणाला ही औषधं चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. मेंदूच्या डॉक्टरांना खेळण्याबद्दल, उधळपट्टीबद्दल मोकळेपणाने सांगा. लाजेपायी हे सांगितलं जात नाही.)

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवलं, ते अशाच पुराव्यांमुळे. त्याआधी तो 'आवेग आवरता न येणे' या गटात होता.

आता मेंदूत काय होतं ते पाहू. मटका खेळणारा माणूस ओळखीचा असेल तर हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असेल: "४७ लावला होता, ४६ आला. एका घराने हुकला!" हिशेबाने बघितलं तर ४६ आला काय आणि ९ आला काय, पैसे गेलेच. पण सांगताना त्याचे डोळे चमकतात, जणू तो हरलेला नाही, जिंकता जिंकता राहिलाय. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून स्लॉट मशीनसारखा खेळ खेळायला दिला. अगदी थोडक्यासाठी हुकल्यावर लोकांना वाईट वाटत होतं, पण मेंदूतले जे भाग जिंकल्यावर जागे होतात त्यांतलेच काही हुकल्यावरही जागे होत होते. जे चित्र जुळवायचं ते स्वतः निवडलेलं असेल तर पुन्हा खेळायची इच्छाही वाढत होती. आकडा आपणच काढलेला असतो, मटक्यात काय आणि फोनवर टीम लावताना काय, हे ध्यानात घ्या.

मग सगळेच का अडकत नाहीत? जुळ्यांवर झालेल्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या या फरकात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा आहे. उरलेल्यात कमी वयात सुरुवात, घरात खेळणारं कुणी असणं, उतावळा स्वभाव, नैराश्य, दारू-तंबाखू. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या साडेपाच हजारांवर महाविद्यालयीन मुलांच्या पाहणीत ७.४ टक्के मुलांचं खेळणं समस्येच्या पातळीवर गेलेलं आढळलं, आणि तिथे सर्वांत जास्त खेळली जात होती ती लॉटरी, जिला आपण जुगार म्हणतही नाही. २०१९ मध्ये गोव्यातल्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली, तिथेही लॉटरी आणि मटकाच पुढे. मांडवीतल्या कॅसिनोंवर इतकं बोललं जातं, पण गोंयकारांना तिथे खेळायला २०२० पासून बंदी आहे. स्थानिक माणूस नाक्यावर पैसे लावतो.

पण माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते खेळाच्या वेगाबद्दल. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मुंबईत मटका उभा केला, गिरणगावाने तो उचलला, आणि त्याने किती संसार बुडवले ते सांगायला नको. तरी त्यात एका बाजाराचा ओपन आणि क्लोज असे दिवसाला दोनच निकाल. मधले तास माणसाला कामाचे, झोपेचे, भानावर यायचे. फोनवर हाच निकाल काही सेकंदांत लागतो, क्रिकेटमध्ये चेंडूगणिक पैसे लावता येतात. भानावर यायला फटच राहत नाही. नॉर्वेने २००७ मध्ये स्लॉट मशीन बाजारातून काढून घेतली, त्यानंतर तिथल्या पाहण्यांमध्ये जुगारही घटला आणि त्याचा त्रासही. म्हणूनच मी बंदीच्या बाजूने आहे. फक्त ती अर्धी लढाई आहे.

उरलेली अर्धी घरात लढली जाते, आणि ती आपण चुकीची लढतो. आमच्या नात्यातला एक मुलगा फोनवर खेळून कर्जात बुडाला. मित्रांची उसनवारी, लोन ॲपचे हप्ते, वर वसुलीवाल्यांच्या शिव्या. मामांनी एफडी मोडली, वडिलांनी शेताचा तुकडा विकला, सगळं देणं एकरकमी फेडलं. देवघरासमोर बसवून त्याच्याकडून बेलभंडारा उचलून घेतला. तो खरोखर रडत होता, खोटं नव्हतं ते. आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले: देवालाही भीक घालत नाही! त्याच्या आईने मला विचारलं, "ताई, माझ्या संस्कारांत काय कमी पडलं गं?" काही कमी पडलं नव्हतं. देणं फेडताना त्याच्या हातात फोन, यूपीआय आणि कोरी पाटी तिन्ही देऊन ठेवल्या होत्या. आणि 'गेलेले परत काढायचे' ही ओढ, जी या आजाराचं मुख्य लक्षण आहे, तिला कुणी हातच लावला नव्हता. अडचणीतून सुटायला दुसऱ्यांच्या पैशांवर विसंबणं, हेही निदानाच्या यादीतलं लक्षण आहे.

उपचारांचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो बोधात्मक वर्तन उपचारांचा, म्हणजे सीबीटीचा. अमेरिकेत नॅन्सी पेट्री यांनी २००६ मध्ये २३१ जणांवर तो तपासला. काहींना फक्त जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाचा पत्ता दिला, काहींना सोबत एक कार्यपुस्तिका, काहींना समुपदेशकासोबत आठ बैठका. बैठका घेतलेल्यांची सुधारणा सर्वांत चांगली होती. त्या बैठकांत उपदेश नसतो. कोणत्या वेळी, कोणासोबत, कोणत्या मनःस्थितीत हात फोनकडे जातो ते शोधायचं. 'आता लागायलाच हवा' हा विचार उलगडून बघायचा. रिकाम्या संध्याकाळचं काय करायचं ते ठरवायचं. पैशाचा व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती देणं हाही उपचाराचाच भाग असतो, शिक्षा नव्हे.

औषधांचं सांगायचं तर दारू सोडवताना वापरलं जाणारं नालट्रेक्सोन काहींना उपयोगी पडतं. ब्रिटनच्या जानेवारी २०२५ च्या मार्गदर्शिकेत ते आहे, पण मानसोपचारांनी भागलं नाही तर आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. चाचण्या लहान आहेत, निम्म्यात सोडून जाणारे पुष्कळ. त्यामुळे कुणी जादूच्या गोळीचं आश्वासन दिलं तर विश्वास ठेवू नका.

आणि हे अंगावर काढू नका. स्वीडनमध्ये जुगाराच्या आजाराचं निदान झालेल्या रुग्णांच्या नोंदी २०१८ मध्ये तपासल्या गेल्या. २० ते ७४ या वयोगटात आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या १५ पट होतं. कर्ज उघडकीस येतं ती रात्र सर्वांत धोक्याची, असं मला वाटतं. त्या रात्री भांडू नका, त्याला एकटं सोडू नका.

ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून जुगार कंपन्यांवर सक्तीची आकारणी सुरू केली. त्यातला निम्मा पैसा उपचारांना, ३० टक्के प्रतिबंधाला, २० टक्के संशोधनाला. आपल्याकडेही लॉटरी, रेस आणि कॅसिनोतून सरकारला पैसा मिळतो. त्यातला ठरावीक हिस्सा उपचारांसाठी बाजूला काढावा, ही माझी साधी मागणी आहे. दुसरी मागणी डॉक्टरांकडे. झोप येत नाही, छातीत धडधडतं म्हणून येणाऱ्या तरुणाला दोन प्रश्न विचारा: जास्त जास्त पैसे लावावेसे वाटतात का? किती लावले याबद्दल घरच्यांशी खोटं बोलावं लागलं का? १९९७ मध्ये तयार झालेली ही दोन प्रश्नांची चाळणी आहे, वेळ एक मिनिटही लागत नाही.

कुणाला आज मदत हवी असेल तर टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. माझ्या मित्रयादीत मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक बरेच आहेत. तुमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा दवाखान्यात जुगाराचे रुग्ण पाहत असाल, तर गाव, वार आणि वेळ खाली कमेंटमध्ये लिहा. मी यादी करून ही पोस्ट अपडेट करत राहीन.