‘ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप आहे’: हा मेसेज पुढे पाठवू नका

परवा काकूंनी एक मेसेज पाठवून विचारलं, “हे खरं का रे? मग ती हार्ड डिस्क विकून टाकू?” मेसेजमध्ये चार दावे आहेत: क्लाउडवरचा डेटा जात नाही, सिंक चालू असलं की तोच बॅकअप, ओपन सोर्स टूलचा कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून तुमचा डेटाही हॅकरला दिसतो, आणि ही टूल्स इंजिनिअरांनाच जमतात. काकू, डिस्क विकू नका.

पहिला दावा. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं ‘प्रायव्हेट क्लाउड’ सबस्क्रिप्शनच पुसलं गेलं. गूगलकडून सेटिंगमध्ये झालेली चूक. डेटाची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी होती, पण पुसण्याचा हुकूम दोन्हीकडे लागू झाला. दुसऱ्या कंपनीकडे वेगळा बॅकअप होता, त्याने नुकसान आटोक्यात राहिलं. हे दोन्ही संस्थांनी संयुक्त निवेदनात सांगितलंय. लाखो सभासदांच्या फंडाला दुसरी प्रत लागली, तर आपल्याला कशी लागणार नाही?

दुसरा दावा सगळ्यात घातक आहे. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं, म्हणजे चूकही दोन्हीकडे सारखीच. दुकानाच्या हिशेबाच्या फोल्डरमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर सिंक त्या कुलूपबंद झालेल्या फाइलीच वर चढवतं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. पीडीएफ, एक्सेलसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही ३० दिवसांनंतर किंवा १०० झाल्यावर गळू शकतात. मार्चमध्ये पुसलेलं फोल्डर जुलैत रिटर्न भरताना आठवलं, की हात रिकामे. काही जण ड्राइव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर ओढून निश्चिंत होतात. त्यातली गूगल डॉक्सची फाइल जेमतेम केबीभर दिसत असेल, तर तो मजकूर नाही, नुसती लिंक आहे.

ड्राइव्हची खरी प्रत डिस्कवर उतरवायला आरक्लोन हे ओपन सोर्स टूल घ्या. कॉन्फिगमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंगमध्ये, ड्राइव्ह जोडताना परवानगी ‘रीड ओन्ली’ निवडा, म्हणजे टूलकडून क्लाउडवरचं काही पुसलं जायची भीती नाही. गूगल डॉक्स वर्ड-एक्सेलच्या रूपात उतरतात, पण त्यांचा जुना इतिहास येत नाही. गूगलकडे टूलची ओळख सांगणारा स्वतःचा क्लायंट आयडी काढलात आणि तो ‘टेस्टिंग’मध्येच राहिला, तर आठवड्याने टोकन, म्हणजे खात्यात शिरायचा परवाना, संपतं आणि बॅकअप थांबतो. आदेश ‘कॉपी’चा द्या, ‘सिंक’चा नको. सिंक मूळ ठिकाणी नसलेली फाइल डिस्कवरूनही काढतं. क्लाउडवर पुसलं की रात्रीच्या फेरीत इथलंही गेलं. पण कॉपीही बदललेली फाइल जुनीवर लिहिते, म्हणून उतरलेल्या फोल्डरचा रेस्टिक या बॅकअपच्या ओपन सोर्स टूलने दुसऱ्या डिस्कवर बॅकअप घ्या. ते प्रत्येक वेळचं चित्र वेगळं जपतं आणि न बदललेला भाग पुन्हा साठवत नाही. रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२ ठेवले की घरासाठी पुरे.

तिसरा दावा निव्वळ अडाणीपणा आहे. रेस्टिक डेटाला कुलूप लावायला एईएस-२५६ ही पद्धत वापरतं, आणि एईएस हे प्रमाण २००१ पासून जगजाहीर आहे. कोड वाचून कुलूप कसं घडवलंय ते कळतं, किल्ली हाती लागत नाही. धोका आहे तो आरक्लोनच्या कॉन्फिग फाइलला: तिच्यात तुमच्या खात्याचं टोकन असतं. तिला पासवर्ड लावा, आणि टूल मूळ साइटवरूनच उतरवा.

चौथ्यात थोडं तथ्य आहे, मान्य. आरक्लोन आणि रेस्टिक काळ्या खिडकीत टाइप करून चालवायचे, आणि पहिल्या दिवशी डोकं फिरतं. ते नको असेल तर रेस्टिकच्या जागी कोपिया घ्या. त्याला बटणांची खिडकी आहे. मात्र रेस्टिक असो वा कोपिया, पासवर्ड हरवला तर ‘फरगॉट पासवर्ड’ नाही, डेटा गेलाच. पासवर्ड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. महिन्यातून एकदा रेस्टिकच्या ‘चेक’ला १० टक्के डेटा प्रत्यक्ष वाचायला लावा, आणि एखादा जुना फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये परत काढून उघडून बघा. तो उघडला नाही, तर मूळ फोटो अजून जागेवर असतानाच कळेल.