शाकाहारी, हप्त्याहप्त्याने

एका झटक्यात मांसाहार सोडणाऱ्या माणसांचा मला जरा धाकच वाटतो. काल रात्री ताटात मटण, आज सकाळी भोपळा आणि चेहऱ्यावर तेज! आपल्याला हे झेपणार नाही, हे ओळखून मी टप्प्याटप्प्याने जायचं ठरवलं. आहारतज्ज्ञही तसंच सांगतात. आधी आठवड्यातला एक दिवस, मग दोन, म्हणजे पोटालाही सवय होते आणि मनालाही. ऐकायला फार समंजस. यातली मेख अशी, की एकदम सोडणाऱ्याला एकदाच ठरवावं लागतं. हप्त्याने सोडणाऱ्याला ते रोज प्रत्येक जेवणाला ठरवावं लागतं, आणि तेही भूक लागलेली असताना.

पहिला मान सोमवारला मिळाला. त्यालाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैन्यासाठी मांस वाचावं म्हणून लोकांना बिनमांसाचे दिवस पाळायला सांगितले होते. २००३ साली तिथेच ‘मीटलेस मंडे’ची मोहीम आरोग्यासाठी नव्याने निघाली. माझ्याकडे मात्र या मोहिमेचा सगळा भार रविवारवर पडला. ‘उद्या सोमवार आहे’ एवढं कारण पुढे करून मी रविवारी रात्री असा काही जेवायचो, की आठवड्याची बेरीज केली तर माझा मांसाहार वाढलेलाच निघाला असता. बेरीज केली नाही.

मग पळवाटांचा हंगाम सुरू झाला. अंडं हा मांसाहार आहे का? केकमधलं अंडं हे अंडं आहे का? तुकडे बाजूला सारून नुसता रस्सा घेतला तर? या शेवटच्या प्रश्नावर बायकोने शांतपणे विचारलं, “अहो, मग तो रस्सा काय दुधीचा आहे?” आमच्या घरातली तात्त्विक चर्चा साधारण इथेच संपते.

मला धीर दिला तो बेंजामिन फ्रँकलिनने. अठराव्या शतकातला हा थोर अमेरिकी शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी सोळाव्या वर्षाच्या सुमारास शाकाहारी झाला. माशांनी आपलं काही वाईट केलेलं नसताना त्यांना मारणं म्हणजे खूनच, असं त्याचं मत. पुढे बॉस्टनहून निघालेल्या त्याच्या जहाजाला वाटेत वारा पडल्यामुळे थांबावं लागलं आणि खलाशांनी कॉड मासे पकडून तळायला घेतले. वास सुटला. तत्त्व आणि जीभ यांची बराच वेळ ओढाताण झाली. मग त्याला आठवलं, की मासे चिरताना त्यांच्या पोटातून छोटे मासे निघाले होते. तुम्ही जर एकमेकांना खाता, तर आम्ही तुम्हाला का खाऊ नये? झालं! तो पोटभर जेवला. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलं, की माणूस विचारी प्राणी असण्याची फार सोय आहे. जे करावंसं वाटतं त्याला कारण सापडतं. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्याने निदान वीज तरी ओळखली.”

दुसरा त्रास हितचिंतकांचा. मी वर्षानुवर्षं तळलेलं खात होतो तेव्हा माझ्या तब्येतीची चौकशी कुणी केली नाही. शाकाहाराचा नुसता उच्चार केला आणि ज्याला त्याला माझ्या प्रोटीनची काळजी लागली. आकडे त्यांच्या बाजूने आहेत, हे कबूल करायला हवं. शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनच्या छातीत सुमारे ३१ ग्रॅम प्रथिनं, तर तेवढ्याच शिजलेल्या मसुरात सुमारे ९. म्हणजे वाटी वाढवा. सोया चंक्समध्ये कोरड्या वजनाच्या जवळजवळ निम्मी प्रथिनं असतात, पण नुसते उकडून खाल्ले तर भांडी घासायचा स्पंज चघळल्याचं समाधान मिळतं.

वाटी वाढवली, तर कडधान्यं बोलू लागली. त्यांच्यातल्या काही शर्करा आपल्या लहान आतड्याला पचतच नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारून वायू सोडतात. रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिलं, प्रमाण हळूहळू वाढवलं, तर त्रास कमी होतो. हे मला ऑफिसातल्या एका लांबलेल्या, खिडक्या बंद असलेल्या बैठकीनंतर कळलं.

डॉक्टरांनी बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी लिहून दिली, कारण ते वनस्पतींतून मिळत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून कमतरता कळायला वर्षंही लागू शकतात. तेही ठीक. पण पुढे म्हणाले, वनस्पतींतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, तेव्हा जेवणावर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. इथे मी खुर्चीत सरळ बसलो. मी कोंबडी सोडायला तयार झालो होतो. चहाचं नाव वाटाघाटीत कुणीही काढलेलं नव्हतं.

त्यात पाकिटांवरची बारीक अक्षरं. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतून येतं, काही चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट असतं आणि लाल रंगाचा ‘ई १२०’ किड्यांपासून बनतो. आता मुलगी गोड गोळ्यांचं पाकीट माझ्यासमोर उघडतच नाही.

खरा दिलासा कढईत मिळाला. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट नावाचा घटक वेगळा काढला आणि त्याच्या मांसासारख्या भरीव चवीला उमामी म्हटलं. तेच टोमॅटोत आहे, मशरूममध्ये आहे. मशरूम मोठ्या आचेवर, गर्दी न करता, कडा तपकिरी होईपर्यंत परतले, सोबत कांदा चांगला लाल केला, की घरभर जो वास सुटतो त्याने माझी अर्धी तक्रार मिटते. इतकी वर्षं मी ज्याला चिकनचा वास समजत होतो, त्यातला बराचसा कांदा-लसणाचाच होता. उरलेला अर्धा चिकनचाच होता, हेही सांगून टाकतो.

सध्या सोमवार आणि गुरुवार पक्के आहेत, मंगळवार डळमळीत. परवा मित्राने जेवायला बोलावलं, तेव्हा त्याच्या बायकोने आधी फोन करून मी नक्की काय खातो ते विचारलं. मी सगळं सविस्तर सांगितलं: वार, अंडं, रस्सा. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“भाऊजी, तुम्ही बुधवारी आलात तर काय करू?”

“वहिनी, बुधवारबद्दल अजून बोलणी चालू आहेत.”