भाषा एक, देव एक, तरी दार बंद

गेल्या आठवड्यात पंचवटीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. मग नात्यातल्या दोन ग्रुपवरही तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भाषा आणि धर्म एक असला तरच समाज एकसंध राहतो, वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या देशांत मूळ मूल्यंच जुळत नाहीत, लढाई थांबली की जुनं विसरावं, माणसं आपोआप जवळ येतात. त्याखाली काकांनी ‘शंभर टक्के खरं’ असं लिहिलंय. काका, मला यातलं एकही पटत नाही.

सोमालियात बहुतेक सगळे सोमाली बोलतात, बहुतेक सगळे सुन्नी मुसलमान. तरी १९९१ साली सरकार कोसळलं आणि कुळाकुळांत रक्त सांडलं. रवांडात हुतू आणि तुत्सी दोघांचीही भाषा किन्यारवांडा, चर्चही बहुधा एकच. पण बेल्जियमच्या राजवटीपासून ओळखपत्रावर कोण हुतू, कोण तुत्सी हे लिहिलेलं असायचं. १९९४ साली नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून माणसं कापली, मुख्यतः तुत्सी; शंभर दिवसांत अंदाजे ८ लाख.

आणि मूल्यांचं म्हणाल तर लांब जायलाच नको. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासोबत अस्पृश्य मानली गेलेली हजारो माणसं काळारामाच्या दाराशी आली. भाषा मराठी, देव राम. आत जाऊन हात जोडायचे, एवढंच मागणं. दोन्हीकडे श्रद्धा तीच होती हो! अडलं ते हक्कावर. दारं लावून घेतली, सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, तरी ती उघडली नाहीत. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. एकाच गावातली, एकाच देवाची माणसं अशी तुटली.

आता ‘जुनं विसरा’. रवांडात २००२ ते २०१२ गावोगावी गचाचा न्यायालयं भरली. गावानेच निवडलेले पंच, उघड्यावर बसलेलं गाव, आणि मधोमध उभा शेजारीच सांगतोय, तुमच्या माणसाला कुठे पुरलं. त्यात खोट होतीच: आरोपीला वकील नव्हता, जिंकलेल्या बाजूच्या सैनिकांचे गुन्हे तिथे आलेच नाहीत. तरी आईला मुलाची हाडं तरी मिळाली. ‘विसरा’ म्हणणाऱ्यानं त्या आईसमोर उभं राहून म्हणावं.

राहिलं ‘आपोआप’. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये १९९८ च्या शांतता करारानंतरही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती उभ्या आहेत. बोस्नियातल्या मोस्तारचा १९९३ साली युद्धात पाडलेला पूल २००४ मध्ये पुन्हा बांधला, पण तिथल्या जुन्या हायस्कुलात बोस्नियाक (म्हणजे तिथली मुसलमान) आणि क्रोएट मुलं एकाच छपराखाली वेगवेगळा अभ्यासक्रम शिकत राहिली.

आई सांगते, तिच्या लहानपणी शेजारच्या एक आजी तिला रामनवमीला काळारामाला घेऊन जायच्या. तोवर मंदिर सगळ्यांना खुलं होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी आजी पायरीशीच थांबायच्या. आई दर्शन घेऊन येईपर्यंत तिच्या चपला हातात धरून, कळसाकडे बघत.